बोल्टवरची रेघ

डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा महिनाभर विझत नव्हता. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या साहेबाने गाडीकडे न बघताच निकाल दिला, "काका, सीट बाहेरची आहे. ती काढा, कंपनीची बसवा, मग सेन्सरचं बघू."

गाडीचा मालक निवृत्त फिटर. त्याला हे पटेना. त्याचा उभा जन्म कारखान्यात नटबोल्ट आवळण्यात गेला होता. बायकोच्या पायांनी साथ सोडली तेव्हा ही दाराबाहेर वळणारी सीट त्यानेच बसवून घेतली होती. चार वर्षं दिवा लागला नाही. ती गेली, आणि पाच महिन्यांनी लागला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"चार वर्षं काय सीट घरची होती?"

"आता बिघडली असेल."

"म्हणजे हात झटका. रविवारी माझी लेक येतेय. सातवा महिना आहे. मागे बसलं की तिला मळमळतं, पुढेच बसणार. धडक झाली आणि फुगा उघडला नाही तर?"

"म्हणून तर म्हणतो, सीट काढा."

सीटची एक कड बायकोच्या हाताने गुळगुळीत झाली होती. तिथेच धरून ती बाहेर वळायची.

"आधी खालून बघू," फिटर म्हणाला. "माझ्यासमोर."

साहेबाने तोंड वाकडं करून जुन्या मेकॅनिकला हाक मारली. हा गृहस्थ मघापासून दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता, आणि हातात पाना नव्हता. फिटरने तेही टिपून ठेवलं.

फिटरच्या घरची एक रीत होती. त्याने बोल्ट आवळला की बायको त्यावरून खालच्या पट्टीपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढायची. रेघ तुटली म्हणजे कोणीतरी हात घातला. "तुमचा कोणावर भरवसा नाही, आणि बाटल्या माझ्या संपतात," असं म्हणायची.

फिटर गुडघ्यांवर बसला. बॅटरी मारली. तीन बोल्टांवर लाल रेघ. चौथ्यावर चॉकलेटी.

"ही रेघ आमची नाही! बोल्ट खोललात आणि वरून रंग फासलात. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं!"

"काका, आम्ही काय ब्युटी पार्लर चालवतो?" साहेब हसला.

मेकॅनिक हसला नाही. फडक्याला हात पुसत म्हणाला, "बोल्ट मी खोलला होता. रेघ काकूंनी मारली."

फिटरने बॅटरी बंद केली.

"वर्षापूर्वी गाडी इथे आणलीत, तेव्हा तुम्ही टायर बघायला पलीकडे गेला होतात. ऑपरेशनच्या टाक्यांवर बेल्ट दाबायचा त्यांना. नाही लावला की घंटी वाजायची. मी नाही म्हटलं, तर रडायला लागल्या. मग बकलच्या वायरला जोड दिला, बेल्ट लावलाय असं गाडीला वाटावं म्हणून. तोच आता सुटला असणार. नंतर त्यांनी पर्समधून बाटली काढली. म्हणाल्या, लाल संपलंय, पण यांना काही सांगू नका."

किल्ली फिरवण्याआधी फिटर रोज विचारायचा, "लागला का?" ती पट्टा अंगावरून घेऊन बकलपाशी मुठीत धरायची. "लागला हो. चला आता." शेवटचे सहा महिने ती मूठच होती.

साहेबाचा आवाज खाली आला. "चूक आमच्याकडून झाली, काका."

"सीट राहील," फिटर म्हणाला. "वायर नवी घाला. सगळे सेन्सर तपासा आणि तसं लिहून द्या."

दीड तासाने दिवा विझला. कागद हातात आला. फिटर तिच्या सीटवर बसला, तशी घंटी सुरू झाली. तेवढ्यात लेकीचा फोन.

"बाबा, सीट काढली?"

"नाही. दिवा विझला. ऐक, पट्टा पोटाखालून घ्यायचा. टोचला तर सांगायचं. गाडी थांबवीन, पण लपवायचं नाही."

"नाही लपवणार. पण तिकडे वाजतंय काय एवढं?"

"माझा पट्टा लावायचा राहिलाय," फिटर म्हणाला, आणि घंटी आणखी थोडा वेळ वाजू दिली.