मांडीचा घेर

जिन्यावर पावले वाजली तेव्हा सरांचा हात दाराच्या कडीवर होता, आणि दारापासून पलंग अकरा पावलांवर होता. त्यांनी वॉकर उचलून वळवला. आधी वॉकर, मग मोडका पाय, मग धड पाय, पुन्हा वॉकर. घाई करायची नाही, असे ते स्वतःला बजावत होते. सातव्या पावलाला त्यांच्या लक्षात आले की आज जिना चढणारी माणसे दोन आहेत. एक चाल हलकी, लेकीची. दुसरी टाच आधी आपटणारी होती, आणि तीही ओळखीची होती.

दारात किल्ली खडखडली. हे कुलूप मोठे अडेलतट्टू. मुलगी रोज सकाळी बाजारातून परतली की किल्ली चार-पाच वेळा कुरकुरे, बाहेर निघे, पुन्हा शिरे, आणि तेवढ्या अवधीत सर वॉकर भिंतीला लावून, पलंगावर आडवे होऊन, चादर कमरेपर्यंत ओढून घेत. लोक देवाचे आभार मानतात, सर त्या गंजाचे मानत. आज तर किल्ली नेहमीपेक्षाही जास्त वेळ अडली.

"अगं, कुलूप आहे की कोडं?" बाहेरून जावयाचा आवाज आला. "आण इकडे."

"नको, तुम्हाला नाही जमायचं. त्याची खोड मलाच ठाऊक आहे."

दार उघडले तेव्हा सर छताकडे पाहत पडले होते, आणि धाप दिसू नये म्हणून नाकाने सावकाश श्वास घेत होते.

त्यांनी छत्तीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवली होती, आणि त्यातही कमरेखालचा भाग हा त्यांचा खास प्रांत. "लोक म्हणतात तुमची अक्कल गुडघ्यात आहे," ते पहिल्याच तासाला वर्गाला सांगत, "तेव्हा निदान गुडघा तरी नीट शिकून घ्या." चार महिन्यांपूर्वी मोरीत त्यांचा स्वतःचाच पाय घसरला, ते थेट उजव्या खुब्यावर आपटले, आणि मांडीच्या हाडाची जी मान त्यांनी फळ्यावर हजारदा काढली होती ती मोडली. तीन स्क्रू बसले. शुश्रूषेला मुलगी आली.

ती आली त्याच दिवशी सरांना दिसले. डाव्या पायाचे पाऊल ती आखडते घेत होती, आणि खुर्चीवर बसताना एका अंगावर, काठाला बसत होती. मांडीच्या मागचे स्नायू दुखावले की माणूस असाच चालतो आणि असाच बसतो. सरांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "काही नाही हो, बाथरूममध्ये घसरले. तुमचीच लेक ना मी!" सर हसले होते. पण घसरलेला माणूस कुठे आपटतो हे त्यांच्याइतके ताजे कोणाला ठाऊक असणार? त्यांनी पुन्हा विचारले नाही, तिने सांगितले नाही. ठरले ते इतकेच, आणि तेही जावयाशी फोनवर, की बाबा चालू लागले की ती परत जाईल.

म्हणून बाबा चालत नव्हते.

वास्तविक गेला दीड महिना त्यांना चालता येत होते. वादात कधी कोणाला हार न गेलेला हा माणूस दिवसाचे तेवीस तास भिंतीवरच्या ओल्या डागाकडे पाहत पडून राही, आणि मुलगी बाजारात गेली की दारापर्यंत जाऊन, कडीला हात लावून परत येई. कैद्यालाही यापेक्षा मोठे अंगण मिळते. बाहेर पडण्याची चोरी आणि बरे होण्याचीही चोरी! शिवाय पाय फितूर होता. चालले की मांडी भरते. स्नायूला खोटे बोलता येत नाही, हे तर त्यांनीच पोरांना शिकवले होते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी नेमून दिल्याप्रमाणे मुलगी दर रविवारी गुडघ्याच्या वाटीच्या वर वीतभर अंतरावर मांडीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजून वहीत लिही. ती वही सरांनी कधी मागितली नाही. मागण्याचे धैर्य झाले नाही.

जावयाने फळांची पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून घेतली आणि बसताना कमरेचा रुंद पट्टा अंगठ्याने जरा सैल केला.

"काय बाबा, काय म्हणतो पाय?"

"पाय काही म्हणत नाही. त्याच्या वतीने मीच बोलतो."

"जीभ मात्र तुरुतुरु चालते हं तुमची." तो हसला. "तीन महिन्यांत चालाल म्हणाले होते डॉक्टर. चार झाले."

"हाडाला कॅलेंडर वाचता येत नाही."

"ते खरं. पण आज रविवार ना?" तो बायकोकडे वळला. "मोज की. फोनवर नुसते आकडे ऐकतो मी. एकदा डोळ्यांनी बघू."

मुलीने खणातून वही आणि टेप काढली. ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली, वीत मोजून पेनाने खूण केली आणि थंडगार टेप मांडीभोवती फिरवली. सरांनी पाय जितका सैल सोडता येईल तितका सोडला, पण भरलेले भांडे सैल सोडून रिकामे होत नाही. सकाळीच त्यांनी त्याच टेपने, जवळपास त्याच जागी स्वतः मोजले होते. बेचाळीस.

ती आकड्यावर ओणवली. तिच्या डोक्याआड टेप झाकली गेली.

"एकोणचाळीस," ती म्हणाली.

सरांनी मान वळवली नाही, फक्त डोळे वळवले. वही उशाशी उघडी पडली होती. मागच्या रविवारी एकोणचाळीस. त्याच्या मागच्या रविवारीही. तिच्या बारीक, रेखीव अक्षरात तोच आकडा सलग सहा ओळी एकाच जागी उभा होता.

"म्हणजे जैसे थे." जावयाने मान हलवली. "मग हे असं किती दिवस चालायचं? बाबांना आता चोवीस तासांची बाईच हवी. माझ्या पाहण्यात एक आहे, बोलून ठेवलंय मी, उद्यापासून येईल. तू आवर. चारची गाडी आहे."

"अहो, पण नवीन माणूस..."

"आवर म्हटलं ना."

हे त्याने फार मऊ आवाजात सांगितले. त्याचा अंगठा पट्ट्यावरून एकदा पुढेमागे फिरला. मुलीचे खांदे हलले नाहीत, चेहराही हलला नाही. पण तिची डावी टाच जमिनीवरून किंचित उचलली गेली, आणि मांडी आखडल्याशिवाय टाच तशी उचलत नाही, हे या खोलीत एकाच माणसाला कळत होते.

दीड महिना पडून पडून सरांनी एका पायाची भिंत उभी केली होती, आणि हा गृहस्थ तिला वळसा घालून सरळ आत आला होता. सबब कितीही भक्कम असो, तिच्यावर उपाय निघतो.

"थांबा," मुलगी म्हणाली. "चुकलं वाटतं माझं."

तिने टेप पुन्हा फिरवली. या वेळी ती ओणवली नाही.

"बेचाळीस."

"काय?"

"बेचाळीस. बाबांना चालता येतं. दीड महिना झाला." तिने टेप सोडवून हातात घेतली. "तरी मी येणार नाही."

जावई आधी तिच्याकडे, मग सरांकडे पाहत राहिला, आणि मग हसला.

"वा! बापलेकीनं मिळून नाटक केलंत होय? बाबा, तुम्हीसुद्धा? या वयात?"

सरांनी चादर बाजूला केली.

"बाबा," मुलगी म्हणाली. "यांना दारापर्यंत सोडून या."

सर उठले. आधी वॉकर, मग मोडका पाय, मग धड पाय. घाई नव्हती. वॉकर खोलीच्या मधोमध चालला होता, त्यामुळे जावयाला त्याच्यापुढे दाराकडे सरकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. अकराव्या पावलाला सर थांबले आणि वर्गात बोलत तशा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या पण न चढवलेल्या आवाजात म्हणाले,

"मी घसरलो तो खुब्यावर आपटलो, जावईबापू. तीही घसरले म्हणाली होती. पण मांडीच्या मागच्या बाजूवर कोणी पडत नाही."

जावयाचा हात पट्ट्याकडे गेला, आणि तिथे सापडल्यासारखा खिशात शिरला.

"मी परत येईन," तो म्हणाला.

"जिना जपून उतरा. तीन मजले आहेत."

टाचा खाली उतरत गेल्या. या वेळी त्या आपटत नव्हत्या. सरांनी दार लोटले, मुलीने खुंटीला अडकवलेली किल्ली कुलपात घातली आणि चार-पाचदा खडखडवायच्या तयारीने मनगट आवळले.

किल्ली एका वळणात फिरली. तेल पाजल्यासारखी, आवाजसुद्धा न करता. सरांनी ती उलट फिरवून पाहिली, मग पुन्हा सुलट.

ते वळले. मुलगी पाठमोरी उभी राहून टेप बोटाभोवती गुंडाळत होती.

"चहा टाकू?" तिने न वळता विचारले.

"टाक," सर म्हणाले. "मी तिकडेच येतो."