येते हं

इस्पितळातलं ते काचेचं टेबल मी बनवलं होतं, आणि त्याचा मला फार गर्व होता. रुग्णांच्या प्रत्येक खोलीची भिंत ऐकायची. नर्सने आत शिरताना "आले" म्हटलं की टेबलावर त्या खोलीत तिचा ठिपका उजळायचा, निघताना सांगितलं की विझायचा. बोटाने वेळ मागे ओढली की अख्खा दिवस पुन्हा समोर चालू लागायचा. ना बटण, ना रजिस्टर. मेट्रनबाई तर लहान मुलासारख्या त्याच्याशी खेळत बसायच्या.

मंगळवारी सकाळी अकरा वीसला सात नंबरच्या खोलीतले आजोबा पलंगावरून पडले. मेट्रनबाईंनी वेळ मागे ओढली. खोलीत एक ठिपका होता, तिथेच नर्स असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा.

"मी खाली स्टोअरमध्ये सलाईन आणायला गेले होते," ताई म्हणाली. स्टोअरला ऐकणारी भिंत नव्हती, आणि काउंटरवर तेव्हा माणूसही नव्हता. म्हणजे साक्षीला कुणीच नाही.

मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "काय हो, टेबल चुकतं का?"

"टेबल नाही चुकत," मी म्हटलं. ताईच्या तोंडावर. बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं.

दोन दिवस मी तिला फोनही केला नाही. तिसऱ्या दिवशी चौकशीला जोडायचं म्हणून त्या खोलीतलं रेकॉर्डिंग लावलं. ताईचाच आवाज होता, "आजोबा, पडून राहा बरं. येते हं." मग दार लागल्याचा आवाज.

मी कपाळावर हात मारला. शब्दांची यादी मीच भरली होती. आले, येते म्हणजे आत. गेले, जाते म्हणजे बाहेर. निघताना "जाते" म्हणणाऱ्याला आपण दारातच टोकतो, हे मला काय नवं होतं? पण शहाणपण तेवढं यादीत घालायचं राहिलं. पुढच्या खोलीत "आले" म्हटलं की आधीचा ठिपका आपोआप विझायचा, म्हणून माझं पितळ इतके दिवस झाकून राहिलं.

मेट्रनबाईंना जाऊन सांगितलं. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती. दुपारपर्यंत ताईवरचा आदेश मागे घेतला गेला.

कागद न्यायला ती माझ्या खोलीत आली. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, रडलेसुद्धा. तिने कागद नीट वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"भिंत परवा आलेली. तिला माझं बोलणं नाही कळलं, ठीक आहे," ती म्हणाली. "तू तर माझ्या कडेवर वाढलीस. तुलाही भिंतीलाच विचारावं लागलं?"

"ताई, चुकले गं."

"हो, चुकलीस." तिने पर्स खांद्याला लावली. "जाते."

"अगं, येते म्हण," असं मी म्हणेपर्यंत ती जिन्यापाशी पोचली होती.