टोपडं घातलेला माउस

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. संगणकाचा, बिळातला नव्हे. शेपटी मलाही आहे, आणि तिच्यावर एकदा एका माणसाचा जीव लटकला होता.

एका कचेरीत मी सात वर्षं राबलो. चूक कोणाचीही असो, आपटलं जाई मलाच. मग बिनतारी माउस आले आणि माझी रवानगी खोक्यात झाली. तिथे मी दोन वर्षं धूळ खाल्ली.

तिथून मला उचललं ते कचेरीतल्याच एका बाईंनी. मोडकंतोडकं उघडून त्यातून नवं काही करायची त्यांना भारी हौस. घरी त्यांचे सासरे, म्हणजे आपल्या गोष्टीतले आजोबा, अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळले होते. वाचा गेली होती. डावा हात तेवढा जरासा हले, आणि त्याच्या एका बोटात पीस दाबण्याइतका जोर होता. दारावरच्या घंटेचं बटण त्या बोटाला दबेना. माझं दबलं. मग सूनबाईंनी माझं पोट उघडलं, बटणाखालच्या कळेला दोन तारा कथलाचा डाक देऊन जोडल्या आणि माझी शेपटी स्वयंपाकघरातल्या घंटेपर्यंत नेली.

आजी म्हणजे त्या घरच्या सर्वेसर्वा. हे भंगारातलं भूत आपल्या नवऱ्याच्या उशाशी नको, असं त्यांनी ठणकावलं. पण त्याच दुपारी घंटा वाजली आणि आजोबांना तहान लागली तेव्हाच पाणी मिळालं. दुसऱ्या दिवसापासून आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेची करामत सांगू लागल्या. सुनेला सोडून सगळ्यांना.

आता आजींच्या घरात उघडं काही राहत नसे. फ्रिजला झालर, मिक्सरला खोळ, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. मी लाडका झालो तसं मलाही लोकरीचं टोपडं मिळालं. हिरवं, जाड, घट्ट विणीचं. खोटं कशाला सांगू, मी फुगून गेलो. जन्मात माझ्यासाठी कोणी एक टाका घातला नव्हता. आजींनी वरून दाबून पाहिलं, घंटा वाजली, त्या समाधानानं गेल्या. पण दाबलं होतं त्यांच्या अंगठ्यानं, आणि त्या अंगठ्यानं पन्नास वर्षं घरादाराची धुणी पिळली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई कचेरीत होत्या. आजोबा उशांना टेकून बसले होते. एक उशी सरकली. ते हळूहळू उजवीकडे कलले आणि नाक-तोंड उशीत रुतलं. बोट माझ्यावर आलं. दाबलं. लोकर दबली, मी नाही. पुन्हा दाबलं. स्वयंपाकघरात आजी भांडी लावत होत्या, त्यांचं पुटपुटणं मला ऐकू येत होतं. आणि मी हाताखाली असून मुका.

आजोबांचा श्वास घरघरू लागला. तिसऱ्यांदा बोट आलं आणि त्याचं नख टोपड्याच्या विणीत अडकलं. आता संपलं, असं मला वाटलं. पण त्यांनी ते अडकलेलं बोट तसंच कडेला रेटलं. मी दोन बोटं अंतर सरकलो. थांबलो. आणखी दोन बोटं. मग गादीचा काठ आला, टाका तुटला आणि मी पालथा, बटणावरच फरशीवर आदळलो.

घंटा एकदाच वाजली.

आत भांड्यांचा आवाज थांबला. आजी पुन्हा वाजते का म्हणून वाट पाहत असाव्यात. मला आता वाजता येणार नव्हतं. मग एक भांडं पडलं आणि पावलं धावत आली.

आजोबांना सरळ करून, त्यांचा श्वास ताळ्यावर येईपर्यंत आजी पाठ चोळत राहिल्या. संध्याकाळी सूनबाई आल्या तेव्हा आजींनीच कात्री लावून माझं टोपडं कापलं.

"हे जाड होतंय, हे तुला दिसलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं होतं, आई. पण तुम्ही इतक्या हौसेनं विणलंत, काढा कसं म्हणू?"

"माझं मन राखत बसलीस आणि इकडे त्यांचा जीव जात होता. उद्यापासून माझं चुकलं की तोंडावर सांगायचं." मग कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "मी भांडेन. तरी सांगायचं."

त्या दिवसापासून रोज सकाळी आजी मला आजोबांच्या बोटाखाली ठेवतात, आणि त्यांनी घंटा वाजवून दाखवल्याशिवाय तिथून हलत नाहीत. माझ्या कुशीला भेग पडली आहे, तिच्यातून धूळ आत जाते. जाऊ दे बापडी.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं काही असेल तर ते फेकू नका, आणि कौतुकानं गुंडाळूनही ठेवू नका. ज्याच्यासाठी ते आहे, त्याच्याच हातानं रोज एकदा वापरून बघा.