क्लीऑनच्या डाव्या गुडघ्यावरचा पट्टा

मी एक जुना गुडघ्याचा पट्टा आहे. मित्रांनो, सहा वर्षे मी क्लीऑन व्हिटफील्डचा डावा गुडघा सांभाळला. क्लीऑन बास्केटबॉलमधला गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत संघाला पुढे नेणारा. संघात सर्वांत बुटका. पण त्याला अडवायला दोन-दोन धिप्पाड गडी लागत. बाहेर बर्फ पडत असे आणि आत हजारो माणसे त्याच्या नावाने ओरडत.

शेवटच्या वर्षी गुडघा सुजू लागला. माझे बंद पुरेनासे झाले. सामन्याआधी संघाचे डॉक्टर प्रुइट दार लावून त्याला दुखणे दाबणारी सुई टोचत. दार कशाला लावायचे? मला त्या माणसाचा संशय येऊ लागला.

क्लीऑनची बायको अर्नेटा हिलाही आला. तिने त्यांना बोळातच गाठले. "डॉक्टर, माझ्या नवऱ्याला लंगडा करून करंडक जिंकायचाय का तुम्हाला?"

"मला काही सांगता येणार नाही, बाई," म्हणत ते नजर चुकवून निघून गेले. माझी खात्रीच पटली.

अंतिम सामन्याच्या दिवशी मात्र डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "बास झालं, क्लीऑन. गुडघ्यातली गादी पार झिजलीय, हाडावर हाड घासतंय. बायकोला सांग तरी!"

"तिला कळलं तर ती मला खेळू देणार नाही. एवढा एकच सामना, डॉक्टर. टोचा!"

डॉक्टरांनी टोचले. मी सुन्न झालो. लपवाछपवी माझ्याच माणसाची होती!

उत्तरार्धात त्याने उंच उडी घेतली. खाली येताना मी जिवाच्या आकांताने गुडघा धरला, पण माझ्या बाजूची लोखंडी बिजागरीच वाकली. तो कोसळला.

अर्नेटा धावत आली ती थेट डॉक्टरांच्या अंगावर. तेव्हा क्लीऑन कण्हत म्हणाला, "त्यांना मीच गप्प बसवलं होतं."

"नऊ महिने खोटं बोललास? माझ्याशी?" तिने माझे बंद सोडले. मग ती डॉक्टरांकडे वळली. "आणि तुम्ही टोचत राहिलात!"

क्लीऑन पुन्हा खेळला नाही. आता मी त्याच्या कपाटात असतो. रोज सकाळी अर्नेटा विचारते, "गुडघा कसाय?"

"मस्त."

"क्लीऑन..."

"दुखतोय गं. फार दुखतोय."

मग ती शेकायची पिशवी आणते.

मित्रांनो, कुठे दुखले तर माझ्यासारख्या पट्ट्याखाली झाकू नका. आधी घरच्यांना सांगा.