स्टेअरिंगवाला रिमोट

हरिसिंगला पहिली फिट आली ती स्टेअरिंगवरच. कापसाच्या गाठी भरलेला ट्रक महागावच्या अलीकडे रस्ता सोडून तुरीच्या उभ्या पिकात घुसला आणि मऊ काळ्या रानात रुतून आपोआप थांबला. क्लीनरला साधं खरचटलंही नाही. दुसरी फिट घरी, जेवता जेवता आली. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "आता गाडी चालवायची नाही. मोटरसायकलसुद्धा नाही."

मिसरूड फुटलं तेव्हापासून हरिसिंग गाडीवर होता. आता तो फुलसावंगीजवळच्या तांड्यात दारापुढच्या बाजेवर बसून राही. बायको हंसाबाई शेतात जाई. तोही दोन दिवस तिच्यासोबत गेला, पण त्याच्या हाताला कामच सुधरेना. मग दिवसभर रस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज ऐकत बसायचं आणि कोणी गिअर चुकीचा टाकला की तोंड कडू करायचं, एवढंच उरलं.

त्याचा पुतण्या संजय फुलसावंगीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. दर रविवारी तो आणि त्याचे मित्र उमरखेडला एका पडीक रानात रिमोटच्या गाड्यांची रेस लावत. एकदा तो काकाला बळंच घेऊन गेला. या गाड्या म्हणजे जत्रेतली खेळणी नव्हती. हातभर लांब, चारही चाकांना स्प्रिंगा, मातीच्या उंचवट्यावरून उडी मारून पुन्हा चाकांवरच उतरणाऱ्या. हरिसिंग पुढे झुकून पाहत होता. संजयनं आपला जादा रिमोट त्याच्या हाती दिला. त्यावर दोन दांड्या होत्या, एक पळवायची, एक वळवायची. हरिसिंगचे जाड अंगठे त्या दांड्यांवरून घसरत राहिले.

"हे काय लेका, पतंग उडवून राह्यलो का मी?" तो वैतागला. "गाडीले चाक पाह्यजे."

"स्टेअरिंगवाला येते ना काका. पिस्तुलासारखा धरायचा. बोटाखाली घोडा असते, वढला का रेस, पुढं ढकलला का ब्रेक. आन बाजूले चाक."

"मंग थोच घेऊ."

नांदेडच्या दुकानात दुकानदारानं तीन रिमोट काढून ठेवले. हरिसिंगनं सगळ्यात स्वस्त उचलला. त्याचं चाक बाटलीच्या झाकणाएवढं, गुळगुळीत प्लास्टिकचं. त्यानं ते फिरवून सोडलं, पण चाक पुरतं मधोमध परत येईना.

"याचं स्टेअरिंग वढते," तो म्हणाला आणि रिमोट ठेवून दिला.

सगळ्यात महागाला पडदा होता. दुकानदार सांगू लागला, यात वीस गाड्यांच्या सेटिंगा साठवता येतात.

"आमची त एकच गाडी हाय," संजय म्हणाला.

मधल्याच्या चाकावर फोमचं जाड कव्हर होतं. पडदा नव्हता, पण चाक किती वळावं ते कमी-जास्त करायची बारीक चकती होती, आणि रिमोटचा इशारा पकडणारा, गाडीत बसवायचा रिसीव्हर सोबतच मिळत होता. दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर रिमोटला चालत नाही, हे संजयनं आधीच बजावलं होतं. हरिसिंगनं फोमवर तळवा टेकवला. डोळे मिटून चाक हळूच डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, सोडून दिलं. ते जागेवर आलं.

"हाच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संजयनं आपल्या गाडीत तो रिसीव्हर बसवला आणि तांड्यामागच्या मोकळ्या रानात सराव सुरू झाला. गाडी समोर जाई तोवर सगळं झकास. काकाचा हात इतका हलका की संजय थक्क झाला. पण गाडी वळून तोंडासमोर येऊ लागली की घात होई. समोरून येणाऱ्या गाडीची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. हरिसिंगला ती ज्या बाजूला जायला हवी असे, त्याच बाजूला तो चाक फिरवी, आणि गाडी नेमकी उलटीकडे, बाभळीच्या बुंध्यात.

"हे कायले असं करून राह्यलं?"

"काका, बाहेरून पाहू नोका. गाडीत बसलो असं समजा. आतमंदी. मंग डावं ते डावंच."

हरिसिंगनं मान हलवली. गाडी पुन्हा सुटली, लांब गेली, वळली. त्यानं स्वतःला तिच्या आत बसवलं. समोर काच, पायाखाली इंजिनाची धग, आणि मग त्या काचेपलीकडे तूर दिसू लागली. त्याचं बोट घोड्यावरून निसटलं. गाडी रानाच्या मधोमध उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. ऊन लागलं."

तो रोज सराव करत राहिला. बाहेरून पाही तेव्हा हात चुके. आत बसू जाई तेव्हा घोडा सोडून देई. संजयला वाटलं, सवयीनं जमेल.

रेसच्या दिवशी उमरखेडच्या रानात टायर रचून वळणं केली होती. सहा जण ओळीत उभे राहिले. त्यांत पांढऱ्या केसांचा एकटा हरिसिंग. शिट्टी झाली. पहिल्या सरळ पट्ट्यात त्याची गाडी सगळ्यांच्या पुढे होती. संजय ओरडला, "वा काका!" मग वळण आलं, गाडी त्याच्याकडे तोंड करून फिरली आणि टायरांत घुसली. पोरांनी ती सरळ करून दिली. पुढच्या फेरीत पुन्हा तिथंच. कोणीतरी हसलं. फार नाही, सहज.

तिसऱ्यांदा गाडी सरळ करून ठेवली तेव्हा हरिसिंगनं घोडा ओढलाच नाही.

"काका, मारा ना रेस! काहून थांबले?"

बाकीच्या गाड्या तिच्या बाजूनं धूळ उडवत जात राहिल्या. रेस संपेस्तोवर तो रिमोट धरून तसाच उभा होता. नंतर त्यानं रिमोट संजयच्या हाती ठेवला. "दुकानात ठेव. कोनाले पाह्यजे असन त देऊन टाक."

"अजून दोन महिने करा काका. जमते ते."

"मले जमनार नाही रे."

संजयनं रिमोट पिशवीत ठेवला.

घरी हंसाबाईनं चहा पुढं केला. "कितवा नंबर आला?" तिनं विचारलं. चहावर साय धरली.

"त्या दिवशीचं सांगू का," तो एकदम म्हणाला. "सारे म्हनतात, वाचला, नशीबवान हाय. पन मले काहीच आठवत नाही, हंसा. पूल आठवते, आन मंग तूर. मधात रस्ता होता, वळन होतं, समोरून येनारं कोनी असन. गाडी चालूनच राह्यली होती, आन मी होतोच नाही तिथं. आता कोन्याबी गाडीत बसाचं म्हटलं का वाटते, मी पुन्हा नसन. थ्या एवढ्याशा खेळन्यातबी."

हंसाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. इतक्या महिन्यांत तो हे पहिल्यांदाच बोलला होता. मग ती त्याच्या शेजारी बाजेवर बसली. चहा तसाच राहिला, आणि अंधारत गेलं तरी दोघांपैकी कोणी दिवा लावायला उठलं नाही.