देवाचा कौल आणि फणसाचा चीक

एकोणतीस सालच्या वैशाखातला सोमवार. यमुनाबाई देवळाला एकशेआठ प्रदक्षिणा घालत होत्या, पण मन जपात नव्हतं. देवस्थानच्या सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, एक डच साहेब आंब्याचा रस डब्यात भरायचा कारखाना काढणार होता. तो निघाला, तर त्यांचा मुलगा धोंडू मुंबईची गोदी सोडून घरी येणार होता. तसं पत्रच होतं त्याचं. आता फक्त देवाने कौल द्यायचा होता.

पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या लावलेल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सकाळपासून एकही हलली नव्हती. साहेब मंडपात घाम पुसत बसला होता. त्याला मोडकंतोडकं मराठी यायचं.

“काय चाललं?” त्याने आपल्या रावजी दलालाला विचारलं.

“देव विचार करतोय, साहेब.”

“कचेरीत कारकून तीन आठवडा विचार केला. मोजणीदार दोन. याला किती पैसा द्यायचा?”

यमुनाबाई बासष्टाव्या प्रदक्षिणेला थांबल्या नि गाभाऱ्याच्या दाराशी गेल्या. पाकळ्यांच्या कडेला काहीतरी पांढरं, चिकट चकाकत होतं.

“बाबल्या,” त्या गुरवाला हळूच म्हणाल्या, “देवाला फणसाचा चीक कधीपासून लावायला लागलास?”

“काकू, रावजीने पैसे दिले, डावी पडू नये म्हणून. मग गावच्या खोतांनी दिले, उजवी पडू नये म्हणून. साहेब सगळा आंबा उचलील, ही भीती त्यांना. दोघांचं खाल्लंय, एकाला फसवू कसा?”

“सचोटीचा हो तू. जा, खोबरेल आण.”

तेलाने चीक सुटला. पाषाण पुसून बाबल्याने नव्या पाकळ्या नुसत्या पाण्याने लावल्या. यमुनाबाईंनी हात जोडले. मागे साहेब रावजीला सांगत होता, की जिथे देवसुद्धा लाच घेणाऱ्यांच्या यादीत, तिथे कंपनीचा पैसा नको, सिलोनात बघतो.

उजवी पाकळी पडली, तेव्हा साहेबाची मोटार पालीच्या रस्त्याला लागली होती.

“पडली, काकू. रावजीचं काम झालं.”

“मग खोतांचे परत कर.”

“त्यांचंही झालंच की. साहेब गेला.”

यमुनाबाईंना हसू आलं, नि त्या हसण्याचाच राग आला. त्यांनी बाबल्यापुढे हात पसरला.

“पोस्टकार्डापुरते दे. देव हो म्हणाला, हे धोंडूला कळवायचंय. येऊ नकोस, हे त्याच्याखालीच लिहीन.”