पिशवीतला हात

पाटीत अकरा विषारी केंड मासे होते. अकराही जिवंत, त्यातले दोन रागाने फुगलेले. भोवती चौदा खरेदीदार, आणि लिलाव पुकारणाऱ्या कुनिहिरोकाकांच्या उजव्या हातावर ती काळी कापडी पिशवी. जपानमधल्या आमच्या शिमोनोसेकी बंदरात केंडाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. पिशवीत हात घालायचा आणि काकांची बोटं धरायची. जितकी धरली तितका आकडा.

बाबांचा उजवा हात मार्चमधल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर लुळा पडला होता. आमच्या खानावळीतली सुरी आईकडे गेली. बशीवरची नक्षी आरपार दिसेल इतके पातळ काप आता तीच काढते. लिलाव मात्र बाबांनी सोडला नव्हता. डावा हात पिशवीत घालायची रीत नाही.

"किलोला तेरा हजार येन," येताना गाडीत ते म्हणाले. "आधी एक बोट, मग तीन. कुनिहिरोला कळलं तर ठीक. नाही तर आजच टोपी परत करतो." त्या टोपीवर त्यांचा खरेदीदाराचा नंबर आहे.

"काय ओगाता, पोरीला बोटं मोजायला आणलंस?" पलीकडून शिगेओका नावाचा दुसरा खरेदीदार म्हणाला.

"हो, तुझी. तुला कुठे मोजता येतात?" बाबा म्हणाले.

"बोला, बोला!" काका ओरडत होते. एकेक हात आत जाई आणि लगेच बाहेर येई. मग बाबांचा हात आत गेला, आणि काकांचं ओरडणं थांबलं.

मी माशांच्या स्नायूंचा अभ्यास केलाय. बारीकशी हालचालही मला यंत्राच्या पडद्यावर ओळखता येते. इथे कापड हललंसुद्धा नाही. काकांनी डोळे मिटले. फक्त पाटीतलं पाणी वाजत होतं.

"घट्ट धर की लेका! भाव सांगतोयस की निरोप घेतोयस?" काका म्हणाले.

"धरलंय," बाबा म्हणाले.

काकांनी मान डोलावली. हात बाहेर आला. उरलेल्या तिघांचे हात आत जाऊन आले. मग काका ओरडले, "तेरा हजार! ओगाता!"

तो आकडा मी कुणालाही सांगितला नव्हता.

घरी आईने कालच्या केंडाचे काप वाढले. कापांखालून बशीवरचा करकोचा दिसत होता. बाबांनी डाव्या हाताने सगळा करकोचा मोकळा केला. जेवण झाल्यावर मी प्रयोगशाळेतून आणलेलं पकड मोजायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं.

डावा हात: चौतीस किलो. उजवा: शून्य पूर्णांक सहा.